चॅनल मोकळा ठेवा

गोरक्षनाना देवाला सणावारी हात जोडत, शिस्तीला मात्र रोज. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे कुणी भलत्या वेळी भलतं बोललं की सगळ्यांची पळापळ व्हायची. निवृत्त झाल्यावर ही सवय ठेवायची कुठे? नानांनी ती हौशी रेडिओवाल्यांच्या ग्रुपात आणून ठेवली, आणि ग्रुपाने निमूटपणे सोसली.

नाशिकचे हे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकेक नमुना. कुणी बँकेत, कुणी दुकानदार, कुणी फुलशेतीवाला. गच्चीवर अँटेना उभारून परदेशातल्या माणसाशी तासन् तास बोलतील, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते विचाराल तर डोकं खाजवतील. तरी पूर आला, डोंगरात कुणी वाट चुकलं, मोबाइलने मान टाकली की याच मंडळींची आठवण होते. ते येतात, पदरचं पेट्रोल जाळतात, आणि फक्त चहा मागतात.

म्हणूनच गंगापूर धरणाच्या काठावर गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव भरला तेव्हा आयोजकांनी यांना बोलावलं. फुगा काही रस्त्याने जात नाही. वारा नेईल तिकडे तो जातो आणि खालून जीप त्याच्या मागे पळते. गिरणारे मागे पडलं, हरसूलकडचे डोंगर लागले की मोबाइलची रेंज जाते. मग फुग्यातला माणूस, जीपमधला माणूस आणि मैदानावरचा तंबू यांना जोडणारं एकच काय ते उरतं, यांचा वायरलेस. तंबूतल्या सेटवर नाना बसले. सेटवरचं त्यांचं नाव कंट्रोल.

नानांचा नियम साधा होता. चॅनल एकच आहे, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, तेव्हा कंट्रोलने हाक मारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. हरसूलच्या वाटेवरच्या घाटात दीपकला बसवलं होतं. दीपक गिरणाऱ्याचा गुलाबवाला, चाळिशीचा, तोंडाने जरा सैल. तो म्हणायचा, "नाना तंबूत बसून उंटावरून शेळ्या हाकत्यात." पण हाकल्या तशा शेळ्या जात, हेही तोच कबूल करायचा.

आणि फुग्यात होत्या नवसाबाई. म्हणजे नानांची बायको.

ही गोष्ट नानांच्या अजून पचनी पडली नव्हती. जन्मभर त्या बाईने नवऱ्याला वायरलेसच्या डब्यासमोर पाठमोरा पाहिला. चहा गार झाला, पाहुणे येऊन गेले, पोरीचं लग्न ठरलं, हा माणूस कानाला हेडफोन लावून बसलेला. शेवटी त्यांनी काय करावं? गुपचूप पुस्तकं आणली, परीक्षेला बसल्या, पास झाल्या आणि परवान्याचा कागद नानांच्या ताटाशेजारी ठेवून म्हणाल्या, "घरात तर तुम्ही ऐकत नाही. आता सेटवरून बोलते, बघू ऐकता का." ग्रुपातले सगळे पोट धरून हसले. नानाही हसले, जरा उशिरा.

महोत्सव हे नवसाबाईंचं पहिलंच काम. रोज सकाळी पाहुण्यांना चढवण्याआधी वारा बघायला एक फुगा रिकामा सोडत. त्यात फुगा उडवणारा रोहित आणि वायरलेसवाला एक, असे दोघेच. त्या दिवशी नवसाबाईंची पाळी होती. जाड स्वेटर, त्यावर ओढणी, पायात नातीचे बूट अशा थाटात त्या टोपलीत चढल्या. रोहितची बायको पूजा मैदानावरची सगळी तयारी सांभाळायची. तिने खालून हात धरून त्यांना वर चढवलं आणि म्हणाली, "काकू, घाबरू नका हं. रोहित एकदम हळू उडवतो." रोहित वरून म्हणाला, "काकू कसल्या घाबरतात? मलाच भीती वाटतेय, कंट्रोलची बायको घेऊन चाललोय." तो सटाण्याकडचा पोरगा, राजस्थानात जाऊन हे उडवणं शिकून आलेला. पूजाही सटाण्याचीच. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

फुगा वर गेला. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, आणि लाल-पिवळा फुगा त्याच्यावरून गिरणाऱ्याकडे सरकू लागला. मैदानावरच्या लोकांनी मोबाइल वर केले.

"कंट्रोल, फुगा एक," नवसाबाईंचा आवाज आला. "सगळं छान दिसतंय. अहो, सकाळची बीपीची गोळी घेतली का?"

तंबूत शेजारी बसलेले मोतीराम अण्णा फिसकन हसले. अण्णा नानांचे एकलहऱ्यापासूनचे सोबती.

"फुगा एक, चॅनलवर घरगुती बोलायचं नाही," नाना करड्या आवाजात म्हणाले. "कंट्रोलने विचारल्याशिवाय काहीच बोलायचं नाही. ओव्हर."

"बरं. पण घेतली का?"

नानांनी वहीत वेळ लिहिली. गोळी घेतली नव्हती.

गिरणाऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे उतरायचं असं ठरलेलं होतं, पण वारा जरा फिरला आणि मोकळं माळरान उजवीकडे राहिलं. खाली नजर जाईल तिथे द्राक्षबागा. नानांनी विचारलं, फुगा एक, कुठे उतरणार? नवसाबाईंनी रोहितला विचारून सांगितलं, "रोहित म्हणतोय, बागेत उतरणार नाही. माल तोडणीला आलाय. मांडवाच्या तारा तुटल्या तर शेतकऱ्याचं वर्ष जाईल, म्हणतो. त्याच्या वडिलांचीपण बाग आहे ना. पुढे मोकळं बघतो म्हणाला."

कोण म्हणेल पोरगं चुकलं? नानांनाही ते पटलं. त्यांनी जीपला पुढे काढलं. जीपमध्ये सेटवर सनी होता. जीप गिरणारे ओलांडून गेली.

पुढे मोकळं असं काही आलंच नाही. बागा संपल्या आणि डोंगर सुरू झाले. सूर्य वर आला तसा वाराही उठला.

"कंट्रोल, फुगा एक," नवसाबाईंचा आवाज आला. या वेळी त्यात गंमत नव्हती. "वारा जोराचा झालाय. समोर कडा आहे. रोहित वर घ्यायला बघतोय. तो म्हणतोय खाली बसा, दोरी धरा—"

मग काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, आणि सेट गप्प झाला.

नानांनी लगेच बटण दाबलं. "फुगा एक, कंट्रोल. बोला." पुन्हा, "फुगा एक, कंट्रोल. नवसा, बोल." सेटमधून काही आलं नाही. तंबूच्या दाराशी पूजा उभी होती. कुणी तिला सांगायला गेलं नव्हतं, पण अशा बातमीला पाय लागतात.

"नाना, काय झालं?"

"थांब पोरी, मी बोलतोय," नाना म्हणाले.

सनीची जीप तेव्हा फाट्यावर उभी होती. एक रस्ता डावीकडे त्र्यंबकच्या अंगाला, दुसरा उजवीकडे घाटातून हरसूलला. कुठे वळू, त्याने विचारलं. शेवटचा वारा जसा सांगितला होता त्यावरून नानांनी मनात रेघ ओढली आणि जीप डावीकडे पाठवली. रेघ चुकीची होती. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं?

मग नाना हाका मारू लागले.

आधी शिस्तीत. "फुगा एक, कंट्रोल. ऐकू येत असेल तर उत्तर द्या. ओव्हर." मग ओव्हर गळालं. "फुगा एक, उत्तर द्या. रोहित, उत्तर दे. नवसा." जीपला, काही दिसतं का? नाही दिसत. पुढे जा. पुन्हा, "नवसा, ऐकतेस का?" सेट अगदी गप्प होता, आणि त्या गप्प सेटकडे बघवत नव्हतं. बोलत राहिलं की निदान काहीतरी चाललंय असं वाटायचं. थांबलं की डोळ्यांसमोर कडा यायचा आणि खाली बसलेली बायको यायची. म्हणून नाना थांबत नव्हते. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचतं?

मध्येच एकदा ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा सेटमधून घाईघाईचा आवाज आला, "कंट्रोल, घाट! नाना, माव—"

"घाट, बंद कर!" नाना ओरडले. इतक्या जोरात, की तंबूबाहेरची माणसं वळून बघायला लागली. "मध्ये कुणीही बोलायचं नाही! चॅनल मोकळा ठेवा! फक्त फुगा एकने बोलायचं. कळलं का सगळ्यांना? चॅनल मोकळा ठेवा!"

मग पुन्हा, "नवसा, चॅनल मोकळा केलाय. बोल. तुझ्यासाठी मोकळा केलाय. बोलता येत नसेल तर नुसतं बटण दाब. मला कळेल. दाब ना. नवसा, दाब. दाबलंस का? एकदा दाब."

मोतीराम अण्णा त्यांच्याकडे बघत होते. "नाना, जरा—"

"अण्णा, मध्ये बोलू नका."

पूजा तंबूतल्या खुर्चीवर बसली होती. तिला खुर्ची कुणी दिली तेही तिला कळलं नसेल. दोन्ही हातांनी तिने फुग्याच्या दोरीचा एक तुकडा धरला होता, सकाळी कापून उरलेला, आणि त्याला ती गाठी मारत होती, सोडत होती. आयोजकांची माणसं फोन लावत होती. पोलीस निघाले, ॲम्ब्युलन्स निघाली. पण निघून जायचं कुठे? डोंगर काय थोडे आहेत तिकडे? एकेक घळ अशी, की वरून हत्ती पडला तरी खालच्याला कळू नये. ॲम्ब्युलन्स गिरणाऱ्याला येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर विचारू लागला, पुढे कुठे?

पुढे कुठे, हेच तर हवं होतं. सगळ्या तंबूचा जीव त्या एका प्रश्नाला टांगला होता.

सनी सांगत होता, डावीकडे कुणी फुगा पाहिला नाही. गुराख्यांना विचारलं, शाळेत जाणाऱ्या पोरांना विचारलं, कुणी नाही पाहिला. नानांनी त्याला आणखी पुढे पाठवलं. परत फिरव म्हणायची हिंमत होत नव्हती. फिरवला आणि तिथेच पुढच्या वळणावर असले तर? नानांच्या हाताला घाम सुटला होता आणि माइक घसरत होता. आवाज बसत चालला होता. सप्तशृंगीला त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. नवसाबाई दर वर्षी गडावर जायच्या आणि हे पायथ्याशी गाडीत बसून वायरलेस ऐकायचे. आता त्यांनी मनातल्या मनात देवीला सांगितलं, पायऱ्या चढून येईन, अनवाणी येईन, हा डबा विकून टाकीन, पण तिला बोलू दे. एकदा बोलू दे.

आणि पुन्हा बटण दाबलं.

"नवसा, मी गोळी नाही घेतली. तू विचारलंस ना, मी घेतली नाही. तू ये आणि मला बोल. काय बोलायचं ते बोल. मी इथेच आहे. ऐकतोय मी. नवसा, मी ऐकतोय. सगळं ऐकतोय."

आख्ख्या चॅनलने हे ऐकलं. जिल्ह्यात जिथे जिथे सेट चालू होते तिथे तिथे माणसं गप्प बसून ऐकत होती. नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. शिवाय अशा वेळी त्या माणसाच्या मध्ये कोण बोलणार?

मोतीराम अण्णांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"नाना, दीपकचा फोन आहे. घाटातून गाडी हाणत वर आलाय रेंजसाठी. ऐका."

नानांनी मोकळा हात नुसता झटकला. त्यांचं बोलणं चालूच होतं.

"नाना, ऐका तरी! नवसाबाई बोलतायत म्हणतो!"

नानांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. कानावर पडलं असेल, आत गेलं नाही. ते म्हणत होते, "नवसा, दाब, नुसतं दाब—" तेव्हा अण्णा उठले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण आयुष्यभर नट-बोल्टांवर पाने फिरवलेले हात. त्यांनी नानांचं मनगट धरलं आणि त्यांचा अंगठा माइकच्या बटणावरून उपसून काढला. अक्षरशः उपसला. नाना आधी चिडले, मग झटापट केली, मग अण्णांकडे बघितलं आणि गार पडले.

अण्णांनी माइक टेबलावर ठेवला. मग सेटचं एक बटण फिरवलं. त्या बटणाने खरखर बंद राहते, पण बारीक आवाजही तिच्यासोबत अडतो. नानांनीच सकाळी ते घट्ट करून ठेवलं होतं, चॅनल स्वच्छ राहावा म्हणून. बटण फिरवताच तंबूभर खरखर पसरली. आणि त्या खरखरीच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, बाईमाणसाचा आवाज होता.

"...ओढा आहे खाली... पलीकडे निळी टाकी, पाण्याची... कुणी ऐकतंय का... रक्त थांबत नाही, ओढणी बांधलीय, भिजली... अहो, बास करा आता, मला बोलू द्या... ओढा आहे खाली..."

नानांनी माइककडे हात नेला आणि मागे घेतला. 

अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला. दीपक धापा टाकत होता. "नाना, मावशी मघाधरनं बोलत्यात वो! पडल्यापासनं! घाटात मला ऐकू येतंय, पर तुकड्या-तुकड्यानं, वरनं तुमचा सेट मोठा, तुम्ही दाबलं का मावशीचं सगळं जातंय. मी सांगाया गेलो तर तुम्ही गप केलं. घळीत हायती, उजव्या अंगाला, निळी टाकी म्हंजी वरल्या पाड्याची. जीप कुठं धाडली तुम्ही? तिकडं नाय, नाना, तिकडं काय नाय!"

हौशी रेडिओ शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी जे सांगतात ते नानांनी शेकडो वेळा सांगितलं होतं, की बटण दाबलेलं असेपर्यंत आपला सेट बहिरा असतो. लहानसा हातातला सेट आणि तंबूतला मोठा सेट एकदम बोलले तर लहान्याचं कुणाच्या कानी पडत नाही. हे नानांना स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. सगळ्यांचा चॅनल मोकळा करून त्यांनी तो एकट्याने भरून टाकला होता.

मग सगळं झटपट झालं. जेवढं होऊ शकत होतं तेवढं. जीप फिरवली. ॲम्ब्युलन्स घाटाकडे सोडली. दीपक पाड्यावरची माणसं घेऊन घळीत उतरला. नानांनी त्यानंतर मोजकेच शब्द उच्चारले. "फुगा एक, कंट्रोल. ऐकू येतंय. बोल." आणि अंगठा उचलला.

खरखरीतून आवाज आला, "हुश्श. अहो, रोहितच्या मांडीत टोपलीचा दांडा घुसलाय. तो बोलत होता मघापर्यंत. पूजाला हाक मारत होता. आता बोलत नाही. लवकर माणसं पाठवा."

पूजा उठून उभी राहिली होती. दोरी तिच्या हातातून पडली.

नवसाबाईंचा पाय मोडला होता आणि कपाळ फुटलं होतं. पाड्यावरच्या माणसांनी चादरींच्या झोळ्या करून दोघांना वर आणलं. जीप वळसा घालून पोचायच्या आधीच ॲम्ब्युलन्स पोचली. रोहित तेव्हा श्वास घेत होता. गिरणारे आलं तेव्हाही घेत होता. नाशिकच्या वाटेवर श्वास थांबला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं, बाकी काही नाही, रक्त फार गेलं, थोडा वेळ आधी हातात आला असता तर.

थोडा वेळ. डॉक्टर ते सहज बोलून गेले. नाना मनात तो वेळ मोजू लागले.

दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळी गोळा झाली. आयोजक, पोलीस, ग्रुपातले लोक, सटाण्याहून निघालेल्यांचे फोन. नवसाबाई आत होत्या, पायाला प्लास्टर चढत होतं. मोतीराम अण्णांनी नानांना कोपऱ्यात घेतलं. दीपकही होता, त्याच्या पँटला अजून घळीतली माती होती.

"नाना, ऐका," अण्णा खाली बघत म्हणाले. "झालं ते झालं. मी, दीपक, तुम्ही आणि नवसाबाई. पाचव्याला कळायचं कारण नाही. पूजा तंबूत होती, पण तिच्या डोक्यात आत्ता काहीच शिरलेलं नाही. तुमची बायको होती त्यात, कुणाचाही तोल गेला असता. पोरीला सांगून पोरगं परत येणार आहे का?"

दीपक म्हणाला, "मी नाय बोलणार नाना. आईशप्पथ."

नानांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या दोघांना कळलं नाही. खरं सांगायचं तर नानांनाही तेव्हा कळलं नव्हतं. आत कुठेतरी त्यांना हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटत होती.

तेवढ्यात पूजा आली. तिच्यासोबत आयोजकांमधली एक बाई होती, ती तिला धरून चालवत होती. पूजाचं तोंड कोरडं होतं, रडून रडून नव्हे, अजून रडायलाच आलं नव्हतं म्हणून. ती सरळ नानांपाशी आली आणि वाकली. त्यांच्या पायांना हात लावला.

"नाना," ती म्हणाली, "मी बघत होते सगळं. तुम्ही एक क्षण माइक सोडला नाहीत. काकूंसाठीच नाही, रोहितलापण हाका मारत होता तुम्ही. सगळे घाबरले, फोन-फोन करत बसले. तुम्ही एकटे हाका मारत होता. मी त्याच्या आईला सांगितलंय फोनवर, शेवटपर्यंत कुणीतरी त्याला हाका मारत होतं म्हणून."

व्हरांड्यातल्या दोघा-तिघांनी डोळे पुसले. सोबतची बाई म्हणाली, "खरंच हो, काय माणूस आहे." अण्णांनी नानांचा दंड धरला, घट्ट धरला.

नानांनी तो हात हळूच बाजूला केला. पूजाला खांद्याला धरून उठवलं. ओरडून ओरडून त्यांचा घसा गेला होता, शब्द नीट फुटत नव्हता.

"सोडायला हवा होता, पोरी."

"काय?"

"माइक. सोडायला हवा होता." ते थांबले, आणि मग सांगू लागले, जसं नव्याने शिकायला आलेल्याला सांगतात तसं, हळू. "बटण दाबलेलं असलं ना, की आपल्याला काही ऐकू येत नाही. दुसऱ्यालापण नाही ऐकू येत, आपला सेट मोठा असला तर. मी दाबूनच बसलो होतो. दीपक सांगायला आला, त्याला गप्प केलं. जीप पाठवली तीपण भलतीकडे."

पूजा त्यांच्याकडे बघत होती. ती एकेक शब्द घेत होती आणि त्यातून काय होतं ते तिला हळूहळू कळत होतं.

"म्हणजे रोहित बोलत होता?"

"रोहित नाही. नवसा बोलत होती. पडल्यापासून. कुठे पडलोय ते सांगत होती." नाना थांबले नाहीत. "रोहित जिवंत आहे, रक्त जातंय, लवकर या, असं सांगत होती."

मागे अण्णा "नाना, नाना" म्हणत होते. पूजाच्या सोबतच्या बाईने तोंडावर हात ठेवला.  पूजाने नानांच्या हातातून आपला खांदा सोडवून घेतला, आणि तिथेच उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे बघत.

ती काय बोलते, याची वाट बघत नाना तिच्यासमोर उभे राहिले. शिव्या देईल, थोबाडीत मारेल, काहीतरी बोलेल. सोबतच्या बाईने हात धरून तिला तिथून नेलं, तोवर पूजा बोलली नाही.